फोनआधीची चिठ्ठी

प्रश्न : माझे वय ५१ आहे. तीन महिन्यांपूर्वी मला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असल्याचे निदान झाले. फोन करण्यापूर्वी काय बोलायचे ते मी आजही चिठ्ठीवर लिहून घेते. ‘आधी तब्येत विचारायची, मग काम सांगायचे’ इथपर्यंत. फोन ठेवला की तासभर दिवा बंद करून पडून राहते. सगळे मला समंजस आणि मितभाषी समजतात. ती मीच होते की वठवलेली भूमिका, हेच आता कळेनासे झाले आहे. पती म्हणतात, ‘‘इतकी वर्षे सगळे नीट चाललेच होते ना?’’

उत्तर : पतींच्या बोलण्यापासूनच सुरुवात करते. सगळे नीट चालले हे खरेच. पण ते चालवताना तुमची किती शक्ती खर्ची पडत होती, याचा हिशेब त्यांनी कधी मागितला नाही आणि तुम्हीही दिला नाही. वेगळेपण झाकण्याच्या या सवयीला ‘मास्किंग’ म्हणतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीतच म्हटले आहे, की लक्षणे बालपणापासून असली तरी पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे ती झाकली जाऊ शकतात. लहानपणी हे कोणाच्याच लक्षात कसे आले नाही, असा राग तुम्हाला येईल, आणि तो येऊ द्यावा. मात्र त्याच पुस्तिकेत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० मध्ये, तेही ‘शैशवातील’ या विशेषणासह, आणि बोलणे वेळेवर आलेल्या मुलांसाठी अ‍ॅस्पर्जर हे निदान तिच्यात आले ते १९९४ मध्ये, म्हणजे तुमची शाळा संपल्यानंतर. शिवाय वर्गात गप्प बसणाऱ्या मुलीची तक्रार करतो कोण?

आता ‘खरी मी कोणती’ याविषयी. मुखवटा उतरवला की आत कोणी अस्सल, न वापरलेली स्त्री सापडेल, असे मानू नका. त्या शोधात माणसे उगाच हताश होतात, असे माझे मत आहे. तुमची चिठ्ठीच पाहा. समोरच्याची विचारपूस राहून जाऊ नये ही काळजी तुमची आहे, आणि क्रम लावून काम तडीस नेण्याची रीतही तुमचीच आहे; चुकले तर लोक हसतील ही धास्ती मात्र बहुधा इतरांनी लावलेली असावी. तेव्हा चिठ्ठी फाडण्याचे कारण नाही. अंधारातल्या त्या तासाचे मात्र काहीतरी करायला हवे. कोणत्या फोननंतर तो लागतो आणि कोणत्या नंतर लागत नाही, हे दोनतीन आठवडे टिपून ठेवा. ज्यांच्याशी लेखी निरोपावर भागेल, त्यांना तसे मोकळेपणाने सांगा.

पतींना निदानाचा अहवाल वाचायला देण्याआधी ती चिठ्ठी दाखवा. तुमचे फोनवरचे बोलणे त्यांनी इतकी वर्षे ऐकले आहे. त्यामागचा कागद त्यांनी बहुधा कधी पाहिलेला नाही.