मिक्सिंगपूर्वी ट्रॅकची पातळी ठरवताना

मिक्सिंगला (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवण्याच्या कामाला) हात घालण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅकची पातळी जुळवून घ्यावी, आणि ती फेडरने (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणाने) नव्हे, तर क्लिप गेनने (रेकॉर्ड केलेल्या तुकड्याचीच पातळी बदलून) किंवा ट्रॅकच्या सुरुवातीलाच लावलेल्या गेन प्लगइनने (पातळी बदलणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरने) जुळवावी. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फेडर हा प्लगइनच्या नंतर येतो; त्यामुळे तो कितीही खाली ओढला, तरी कंप्रेसरकडे (आवाजातील चढउतार कमी करणाऱ्या प्लगइनकडे) जाणारा सिग्नल मुळात होता तेवढाच मोठा राहतो. जुन्या ॲनालॉग उपकरणांची नक्कल करणारे अनेक प्लगइन सरासरी उणे १८ डेसिबलच्या (डिजिटल कमाल पातळी शून्य धरून) आसपासचा सिग्नल गृहीत धरून बनवलेले असतात, म्हणून गायन, गिटार यांसारख्या सलग वाजणाऱ्या ट्रॅकची सरासरी तिथे ठेवणे सोयीचे ठरते. ड्रमसारख्या आघाती वाद्यांच्या बाबतीत मात्र सरासरी फसवी असते. तिथे शिखरे (आवाजाचे क्षणिक उच्चांक) पाहावीत आणि ती उणे १० ते उणे ६ डेसिबलपर्यंत राहू द्यावीत. हे आकडे काटेकोर नियम नाहीत, एक-दोन डेसिबलच्या फरकासाठी मीटरकडे टक लावून बसू नये.

२४ बिटमध्ये रेकॉर्डिंग केले असेल, तर पातळी कमी ठेवल्याने गुणवत्ता ढासळण्याची भीती जवळजवळ निराधार आहे. याउलट, रेकॉर्डिंगच्या वेळीच फाटलेला आवाज नंतर गेन कमी करून सुधारत नाही. तो भाग शक्य असल्यास पुन्हा रेकॉर्ड करावा. सर्व ट्रॅक एकत्र वाजवल्यावर बेरजेने पातळी वाढतेच, तेव्हा मास्टरवर (सर्व ट्रॅक एकत्र येतात त्या अंतिम ट्रॅकवर) शिखरे उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ लागल्यास सर्व क्लिप सारख्याच प्रमाणात खाली आणाव्यात.