आईने फ्लॅट मुलाला बक्षीसपत्राने दिला, आता तो बघत नाही. फ्लॅट परत मिळेल का?

मिळू शकतो, पण आधी बक्षीसपत्र नीट वाचा. सांभाळ न केल्यास बक्षीसपत्र रद्द करून देणारं ज्येष्ठ नागरिक कायदा, 2007 चं कलम 23 लागू व्हायला ‘मुलगा आईचा सांभाळ करील’ ही अट महत्त्वाची. बहुतेक प्रकरणं इथेच अडकतात, कारण वकिलाचा तयार मसुदा ‘प्रेमापोटी’ एवढंच म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अशी अट हवीच असं म्हटलं होतं. जानेवारी 2025 च्या निकालात मात्र कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. त्या प्रकरणात आईने सांभाळाचं वचनपत्र दाखवलं होतं. तसा कुठलाही कागद घरात असेल तर शोधाच.

अर्ज दिवाणी कोर्टात नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या निर्वाह न्यायाधिकरणात करायचा. आईचा वयाचा पुरावा (60 पूर्ण हवीत), बक्षीसपत्र, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), औषधांची बिलं, बँक पासबुक, आणि पोलिसांत तक्रार केली असेल तर एनसीची (अदखलपात्र तक्रारीची) प्रत जोडा. त्याच अर्जात निर्वाहभत्ताही मागा. कायद्यातली कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये, म्हणजे मुंबईत चोवीस तासांच्या बाईच्या पगारालाही पुरत नाहीत. भत्त्याचा निर्णय नोटिशीपासून 90 दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. कागदावर.

अजून सही न केलेल्यांसाठी: मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपये, म्हणून घाई होते. त्यापेक्षा मृत्युपत्र करा, ते हयातीत कधीही बदलता येतं.

तातडीची मदत हवी असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.