सुमोची ‘कुस्ती’ म्हणावी, ‘लढत’ की ‘झुंज’?

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. एनएचके या जपानी वाहिनीवरचे सुमोचे माहितीपट आणि जुन्या गाजलेल्या लढती ते आवडीने बघतात, पण त्याबद्दल मराठीत लिहायला बसले की शब्दांपाशी अडतात. ‘बाउट’ला लढत म्हणावं, सामना, झुंज की सरळ कुस्ती? सुमो खेळणाऱ्याला पैलवान म्हटलेलं चालेल का? उपशीर्षकांत सतत येणाऱ्या ‘स्टेबल’चं काय करायचं? आणि सुमो की सूमो, तो की ती?

माझं उत्तर आधीच सांगतो: कुस्ती म्हणा, आणि बाकीचे शब्दही शक्य तितके तालमीतूनच घ्या.

मराठीत ‘कुस्ती’ हे खेळाचं नाव आहे आणि त्या खेळातल्या एका लढतीचंही. “शेवटची कुस्ती कोणाची?” असं आपण मैदानात सहज विचारतो. कुस्ती लागते, कुस्ती सुटते, कुणीतरी कुस्ती मारतो. ‘सामना’ म्हटलं की क्रिकेट डोळ्यांपुढे येतं. ‘लढत’ चुकीचं नाही, पण ते बुद्धिबळापासून विधानसभेच्या मतदारसंघापर्यंत कुठेही चालतं, त्यामुळे त्याला मातीचा वास उरलेला नाही. ‘झुंज’ मात्र जपून वापरा. झुंजीला वेळ लागतो, आणि सुमोतल्या बहुतेक कुस्त्या काही सेकंदांत संपतात. दोघं एकमेकांच्या लंगोटाला धरून मिनिटामागून मिनिटं अडून राहिले, पंचाने दोघांना थांबवून पाणी प्यायला सोडलं आणि पुन्हा त्याच पकडीत आणून उभं केलं, अशी कुस्ती दिसली तर तिला खुशाल झुंज म्हणा. जपानीत एका कुस्तीला ‘तोरिकुमी’ म्हणतात, म्हणजे धरून जुळणं. कोण कोणाशी लढणार हे सांगायचं असेल तेव्हा आपला ‘जोड’ हा शब्द तिथे नेमका बसतो: आजच्या जोडी, तुल्यबळ जोड, जोड लावणे.

काही जण म्हणतील, सुमो हा वेगळा खेळ, त्याला कुस्ती कसं म्हणायचं? तर त्यासाठी या शब्दाचं मूळ पाहा. कुस्ती हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीतली ‘कुश्ती’ आणि पारशी माणूस सदऱ्यावरून कमरेला गुंडाळतो ती ‘कस्ती’ यांचं मूळ व्युत्पत्तिकार एकाच ठिकाणी शोधतात: मध्य फारसीतला ‘कुस्तीग’, म्हणजे कमरपट्टा. पट्ट्याला धरून खेळायची ती कुस्ती. हे मान्य केलं, तर कमरेच्या पट्ट्याची पकड हाच जिचा प्राण आहे त्या सुमोला या शब्दावर पुरेपूर हक्क आहे.

‘पैलवान’ बोलताना उत्तम. लिहिताना मी ‘मल्ल’ वापरतो, आणि त्याला एक फार जुना आधार आहे. सुमोच्या मल्लाला जपानीत ‘रिकिशी’ म्हणतात, म्हणजे बलवान पुरुष. ज्या दोन चिनी अक्षरांनी हा शब्द लिहितात, तीच अक्षरं बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादकांनी आपल्या ‘मल्ल’ या शब्दासाठी योजली होती. बुद्धांचं महापरिनिर्वाण झालं ते कुशिनगर मल्ल नावाच्या गणाचं. महापरिनिर्वाणसूत्राच्या चिनी अनुवादाच्या आरंभी कुशिनगराचा उल्लेख याच दोन अक्षरांनी ‘मल्लांची जन्मभूमी’ असा येतो. म्हणजे रिकिशीला मल्ल म्हणताना आपण नवा शब्द पाडत नाही, दीड हजार वर्षांपूर्वीचंच भाषांतर उलट दिशेने करतो. मला हा दुवा पहिल्यांदा कळला तेव्हा जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही. एक मात्र टाळा: माणसालाच ‘सुमो’ म्हणणं. “दोन सुमो भिडले” हे “दोन क्रिकेट मैदानात आले” म्हणण्यासारखं आहे.

‘स्टेबल’चा तबेला करू नका, ही कळकळीची विनंती. इंग्रजी वार्ताहरांनी घोड्यांच्या शर्यतीतला शब्द उचलला, त्याचं ओझं आपण का वाहावं? मूळ जपानी शब्द ‘हेया’, साधा अर्थ खोली. कोवळ्या वयाची मुलं घर सोडून तिथे राहायला येतात, पहाटे उठून सराव करतात, थोरल्या मल्लांची सेवा करतात, स्वयंपाक करतात, आणि या सगळ्यांवर ‘ओयाकाता’ची, म्हणजे निवृत्त मल्लाची, नजर असते. कोल्हापुरात मोतीबाग किंवा गंगावेस ही नावं ऐकून वाढलेल्या माणसाला याचं भाषांतर कुणी सांगायला नको: तालीम आणि वस्ताद. ‘चांको’ म्हणजे त्यांचा खुराक. आपल्या खुराकात दूध, तूप, बदाम. त्यांच्यात मोठ्या भांड्यात शिजवलेलं मासे, कोंबडी, भाज्यांचं कालवण. पदार्थ वेगळे, शब्द तोच.

आता शब्द जुळत नाहीत त्या जागा. त्यांचं सुमोचं मैदान, ‘दोह्यो’, दाबून घट्ट केलेल्या मातीचा उंच चौथरा असतो. म्हणून त्याला ‘हौदा’ म्हणता येणार नाही. हौदा खोलगट, आणि त्यातली माती भुसभुशीत, ताक-तेल पाजलेली. चौथऱ्याला आखाडा म्हणा. त्यावर भाताच्या पेंढ्याच्या वळकट्या पुरून आखलेलं 4.55 मीटर व्यासाचं वर्तुळ असतं, त्याला ‘रिंगण’. आपल्या मातीतल्या कुस्तीत हद्दीबाहेर गेल्याने कुणी हरत नाही, त्यामुळे तालमीच्या भाषेत त्यासाठी शब्दच नाही. ‘रिंगणाबाहेर’ म्हटलं की काम होतं.

‘चितपट’ सुमोत चालत नाही, कारण पाठ टेकवायची गरजच नसते. तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला, नुसतं बोट लागलं, तरी कुस्ती संपली. इथे आपला दुसरा वाक्प्रचार चपखल बसतो: माती लागणे. जपानीतही हरलेल्याला ‘त्सुची गा त्सुकु’ म्हणतात, शब्दशः ‘माती लागली’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाक्प्रचार घडवला, कारण दोन्हीकडे पैलवान मातीत खेळत होते. ‘हात टेकले’ हेही इथे अक्षरशः खरं होतं. गंमत अशी, की सुमोत दोघांचे हात मातीला टेकल्याशिवाय कुस्ती सुरूही होत नाही.

ती सुरुवात, ‘ताचिआइ’, हा सुमोचा सर्वांत देखणा क्षण. त्याआधी दोघं ओणवे बसून एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, उठतात, मीठ उधळतात, पुन्हा बसतात. वरच्या श्रेणीत या तयारीला 4 मिनिटं मिळतात. याला ‘खडाखडी’ म्हणू नका. खडाखडीत हाताला हात लागतो, मानेवर थाप पडते, ताकदीचा अंदाज घेतला जातो. इथे स्पर्शही नाही. मी ‘दबा धरणे’ म्हणतो. आणि त्यानंतर जे होतं त्याला ‘मुसंडी’ हा एकच शब्द आहे. बातम्यांत पक्ष आणि शेअर बाजार रोज मुसंडी मारतात. हा शब्द इथे पुन्हा खऱ्या खांद्यांना आणि खऱ्या कपाळांना लावायला मिळतो. शड्डूचं म्हणाल, तर सुमोतलं पाय उचलून जमिनीवर आपटणं म्हणजे शड्डू नव्हे. पण ताकामिसाकारी नावाचा मल्ल कुस्तीआधी छातीवर आणि गालांवर मुठी मारून स्वतःला चेतवायचा, त्याला मात्र शड्डू म्हणायला माझी हरकत नाही.

मुसंडीच्या वेळी समोरून न भिडता एकाने बाजूला सरकायचं आणि दुसऱ्याला त्याच्याच वेगाने पुढे जाऊ द्यायचं, त्याला ‘हेन्का’ म्हणतात. मराठीत ‘हुलकावणी’. नियमाने ती चालते, पण थोराने ती द्यावी हे प्रेक्षकांना रुचत नाही. 2016 च्या मार्चमध्ये ओसाकात अखेरच्या दिवशी योकोझुना, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचा मल्ल, हाकुहोने दुसऱ्या योकोझुनाला, हारुमाफुजीला अशी हुलकावणी दिली, कुस्ती जिंकली, विजेतेपदही मिळवलं. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि बक्षीस घेताना त्याला रडू आलं. (योकोझुनाला ‘केसरी’ म्हणू नये. केसरी हा जिंकायचा किताब. योकोझुना ही पायरी आहे, आणि तिच्यावरून खाली उतरायची सोय नाही. झेपेनासं झालं की निवृत्त व्हायचं.)

डावांच्या नावांत मराठीची खरी श्रीमंती कळते. सुमोत जिंकण्याचे 82 मान्य डाव आहेत, आणि त्यातले सर्वाधिक दिसणारे दोन, ‘योरिकिरी’ आणि ‘ओशिदाशी’. उपशीर्षकं दोन्हींना ‘ढकललं’ म्हणून मोकळी होतात. मराठीत ‘रेटणे’ आणि ‘ढकलणे’ यांत स्पष्ट फरक आहे. रेटताना अंगाला अंग लागलेलं असतं, जोर सलग असतो आणि सगळा देह त्यात असतो. ढकलताना तळहात पुढे असतात, मध्ये अंतर असतं. योरिकिरीत लंगोट धरून, पोटाला पोट भिडवून रेटायचं असतं. ओशिदाशीत लंगोटाला हात न लावता ढकलायचं. इंग्रजीत ज्यासाठी चार शब्दांचं स्पष्टीकरण लागतं, ते आपल्या एका क्रियापदात आहे.

हे रेटणं डोळ्यांनी बघायचं असेल तर दोन कुस्त्या सांगतो. पहिली 1991 च्या मे महिन्यातल्या पहिल्या दिवसाची. एका बाजूला 31 विजेतेपदं घेतलेला, पस्तिशीतला चियोनोफुजी. दुसऱ्या बाजूला 18 वर्षांचा ताकाहानादा. पोराने त्याला रेटत रिंगणाबाहेर नेलं. दोनच दिवसांनी आणखी एक कुस्ती हरून चियोनोफुजी निवृत्त झाला. दुसरी 2010 च्या नोव्हेंबरमधली. हाकुहो सलग 63 कुस्त्या जिंकून आला होता, आणि किसेनोसातोने त्याला रेटून बाहेर काढलं. हाकुहो रिंगणाच्या काठावर मागे झुकतो तेव्हा सभागृहातून जो आवाज उठतो, तो ऐकण्यासाठी मी ते चित्रीकरण पुन्हा पुन्हा लावतो.

हाकुहो ज्या विक्रमाच्या मागे होता तो फुताबायामाचा, सलग 69 विजयांचा. तो 1939 च्या जानेवारीत अकिनोउमीने मोडला, ‘सोतोगाके’ने. आपल्याकडे याला बाहेरची टांग म्हणतात, आणि ‘उचिगाके’ला आतली टांग. ‘आशितोरी’ म्हणजे पाय धरून उचलणं, तिथे पट काढला म्हणावं. ‘इप्पोनझेओइ’ आपल्या धोबीपछाडीच्या जवळ जातो. पण ‘उवातेनागे’ला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हातावरून हात नेऊन लंगोट पकडायचा आणि फेकायचं, याला मला अजून एकशब्दी जोड मिळालेली नाही. ‘वरच्या पकडीची फेक’ म्हणून भागवतो. तोच तरुण ताकाहानादा पुढे ताकानोहाना नावाचा योकोझुना झाला, आणि 2001 च्या मे महिन्यात उखडलेल्या गुडघ्यानिशी निर्णायक कुस्तीत त्याने मुसाशीमारूला याच डावाने लोळवलं. फेकल्यानंतरचा त्याचा चेहरा ज्याने पाहिला तो विसरत नाही. करंडक देताना पंतप्रधान कोइझुमी ओरडून म्हणाले होते, वेदना सोसून छान लढलात, मन भरून आलं. त्या गुडघ्याने त्याला पुढच्या 7 स्पर्धा खेळू दिलं नाही. सेकंदांचा हिशेब बाजूला ठेवून या एका कुस्तीला मी झुंज म्हणेन.

निकालाविषयीचे शब्द. ‘मोनोइइ’ म्हणजे हरकत घेणं. रिंगणाभोवती बसलेल्या पंचांना आखाड्यातल्या निवाड्याबद्दल शंका आली की ते वर चढून खल करतात. निकाल लागत नसेल तर ‘तोरिनाओशी’, फेरकुस्ती. ‘बरोबरीत सोडवली’ हे आपल्या मैदानातलं नेहमीचं वाक्य आजच्या सुमोत येत नाही. पूर्वी तिथेही कुस्त्या बरोबरीत सुटत. हरकतीची सर्वांत गाजलेली गोष्ट 1969 च्या मार्चमधली. योकोझुना ताइहो सलग 45 कुस्त्या जिंकलेला. तोदाशी झालेल्या कुस्तीत आखाड्यातल्या पंचाने ताइहोच्या बाजूने कौल दिला, हरकत आली, निकाल फिरला. छायाचित्रांत मात्र तोदाचा पाय आधी बाहेर गेलेला स्पष्ट दिसत होता. पुढच्याच स्पर्धेपासून खल करताना चित्रफीत बघायला सुरुवात झाली.

ठरवून केलेल्या कुस्तीला मराठीत ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, राजकारणामुळे तो शब्द सर्वांना ठाऊक आहे. जपानीत ‘याओचो’. चोबेई नावाचा भाजीवाला सुमोतल्या एका बड्या माणसाशी ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळताना मर्जी राखण्यासाठी मुद्दाम हरायचा, त्याच्यावरून हा शब्द आला असं सांगतात. 2011 मध्ये मल्लांच्या मोबाइलमधल्या संदेशांतून असे सौदे उघड झाले आणि मार्चची स्पर्धाच रद्द करावी लागली. त्यावरचा माहितीपट बघून लिहिणार असाल तर बेधडक ‘नुरा कुस्ती’ लिहा, अर्थ समजावावा लागणार नाही.

राहिलं लेखन आणि लिंग. ‘सुमो’ ऱ्हस्वच. जपानीत ‘सु’ ऱ्हस्व आणि ‘मो’ दीर्घ आहे, आणि शब्दाच्या शेवटी दीर्घ स्वर असेल तर उपान्त्य उकार ऱ्हस्व लिहायचा हा मराठीचा नियमही तेच सांगतो. ‘मवाशी’, म्हणजे त्यांचा लंगोट, मराठीत हटकून ‘मावशी’ वाचला जातो, म्हणून मी वर सगळीकडे लंगोटच लिहिलं. ‘ती सुमो’ म्हटलं की आपल्याकडे टाटांची गाडी. तिचं नावही या खेळावरून नाही, टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या पहिल्या अक्षरांवरून पडलेलं आहे. तेव्हा खेळ म्हणून नुसता ‘सुमो’ आला तर पुल्लिंगी लिहा, “काल सुमो पाहिला”. आणि ‘सुमो कुस्ती’ लिहिलीत तर अर्थातच “पाहिली”.