ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

प्रश्न : माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. आडगाव नाक्याला ऑफिस, आठ ट्रक. मुलीला यंदा एमएचटी-सीईटीला ९३ पर्सेंटाइल मिळालेत. तिला सिव्हिल करायचंय, आणि तेही जुने पूल दुरुस्त करायला! गेल्या वर्षी हायवेवर एका पुलाच्या अर्ध्या भागाचं काम चालू होतं, आम्ही अडीच तास अडकलो. मी वैतागलो होतो आणि ही गाडीतून उतरून पुलाखालचे जॅक बघत उभी. तेव्हापासून हे खूळ आहे. डागडुजीत कसलं आलंय करिअर? पूल जुना झाला तर पाडा, नवा बांधा. शिवाय मुलीने रात्रीबेरात्री पुलाखाली उभं राहायचं का? मी ऑप्शन फॉर्ममध्ये सगळीकडे कॉम्प्युटर आणि एआय भरलंय. ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो, तिला अजून बोललो नाही. तुम्ही तिला दोन शब्द समजावून सांगा.
– एक पालक, नाशिक

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात पर्सेंटाइल आहे, पूल आहे, ट्रॅफिक जाम आहे. मी अडकलो ते ‘तिला अजून बोललो नाही’ या चार शब्दांत.

म्हणजे घरात मुलगी गेल्या वर्षीचे कटऑफ बघत, कॉलेजांच्या याद्या करत बसली असेल, आणि इकडे फॉर्म तुमच्या मोबाइलवरून भरूनही झालाय. मग मी तिला समजवायचं तरी काय? ठरायचं ते ठरलंय. आता तिने फक्त मान डोलवायची आहे, आणि ती डोलवून घ्यायचं काम तुम्हाला माझ्यावर सोपवायचंय. ते मी करणार नाही.

माझ्याकडे दरवर्षी सेकंड इयरची काही मुलं येतात. तीन-चार विषय राहिलेले, आईवडील बाहेरच्या खोलीत. ही ब्रँच का घेतली, असं विचारलं की उत्तर येतं, ‘फॉर्म पप्पांनी भरला.’ रागानेही म्हणत नाहीत. घरचा पत्ता सांगावा तसं सांगतात. यातली बहुतेक मुलं हुशार असतात. न आवडणाऱ्या विषयाचं पुस्तक रात्री अकरा वाजता उघडायला जे कारण लागतं, तेवढंच त्यांच्याकडे नसतं. तुमची मुलगी कॉम्प्युटरला गेली तर नापास होईल असं मी म्हणत नाही. होईल पास. पण अलॉटमेंट लेटर उघडेल त्या दिवशी कॉलेजच्या नावाआधी तिला हे दिसेल, की बापाने आपल्याला न विचारता आपला निर्णय घेऊन टाकला. तुमच्या ऑफिसातल्या कोणी तुमच्या नावाने परस्पर बिल्टी फाडली, तर दुसऱ्या दिवशी त्याला कामावर ठेवाल का?

मार्कांचं एका ओळीत सांगतो : ९३ ला सिव्हिल मिळायला अडचण नाही, आणि पुढे गेट देऊन स्ट्रक्चर्समध्ये एमटेक किंवा एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, हे रस्ते तिला माहीत असतीलच.

आता ती ‘डागडुजी’. हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, सिव्हिलच्या कितीतरी मुलांचाही आहे. नवा पूल बांधतो तो इंजिनिअर, जुना सावरतो तो गिलावा मारणारा. वय बघून पूल मोडीत काढायचे ठरवले, तर रविवार कारंजावरून पंचवटीत जाताना लागणारा आपला होळकर पूल केव्हाच जायला हवा होता. १८९५ चा आहे तो. गोदावरीचे किती पूर त्याने अंगावर घेतले, ते तुम्हीही बघितलंय. उलट गोव्यात मांडवीवरचा १९७० चा पूल १९८६ च्या जुलैत कोसळला. सोळा वर्षांचा! त्याच्या आतल्या, ताणून बसवलेल्या तारा गंजल्या होत्या. पुलाचं खरं वय आत मोजावं लागतं. काँक्रीट मुळात अल्कलीयुक्त असतं, म्हणून आतली सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, ती अल्कली संपते आणि सळईला गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो फुगतो आणि काँक्रीटचे ढलपे आतून उडवतो. हे किती खोल गेलंय ते बघायला काँक्रीट थोडं फोडतात आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. तुमच्या मुलीने केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशनमध्ये वापरलं असेल, तेच. गुलाबी झालं तिथे काँक्रीटची अल्कली शाबूत, रंग चढलाच नाही तिथे सळई उघडी पडल्यासारखीच. मग कुठे भेगांत नुसतं इपॉक्सी (घट्ट होणारा डिंक) भरायचं, कुठे खांबाला नव्या काँक्रीटचं जॅकेट घालायचं, कुठे बाहेरून नव्या केबल ताणायच्या आणि कुठे खरंच पाडायचा, हे ठरवायला नवा पूल बांधण्याइतकंच डोकं लागतं. माझ्या मते थोडं जास्तच लागतं, कारण नव्या पुलाचे नकाशे हातात असतात; जुन्याचे कित्येकदा सापडतही नाहीत.

तुम्ही टायर रिमोल्ड करता, इंजिनचं काम काढता. त्याला डागडुजी म्हणून नवा ट्रक घेता का दरवेळी?

आता तुमच्या अडीच तासांचं. अर्धा पूल चालू ठेवला होता तो तुमच्यासारख्यांसाठीच. पूर्ण बंद केला असता तर आठही ट्रक लांबच्या वळणाने गेले असते, आणि डिझेल तुमचंच जळलं असतं. पण अर्धा चालू ठेवणं हे नुसते बॅरिकेड लावण्याचं काम नसतं. सगळा भार एका अंगाला आला की त्या बाजूचे गर्डर, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या आडव्या तुळया, नेहमीपेक्षा जास्त ओझं उचलतात. ते उचलू शकतील का, याचं गणित आधी करावं लागतं. पलीकडे ओलं काँक्रीट घट्ट होत असतं आणि अलीकडे चाळीस टनांचं धूड धडधडत जातं, त्या हादऱ्यांचा हिशेबही त्यात येतो. तुम्हाला तिथे बैलगाडीच्या वेगाने जायला लावलं असेल, ते त्याचसाठी.

मुलगी जे बघत होती ते बहुधा बेअरिंग बदलण्याचं काम असावं. गर्डर आणि खांब यांच्यामध्ये बेअरिंग असतात. उन्हाने पूल लांबला-आखडला, वरून गाडी गेली, की ती हालचाल हे बेअरिंग झेलतं. तुमच्या भाषेत पुलाचे कमानपाटे. ते बदलायचे तर वरचा सगळा भाग जॅक लावून उचलायचा, तोही सगळ्या जॅकना एका तालात वर नेऊन. एखादा पुढेमागे झाला तर गर्डरला पीळ बसतो. मुंबईत सायनच्या उड्डाणपुलाची १७० बेअरिंग २०२० मध्ये अशीच बदलली. ठरावीक दिवसांचे ब्लॉक घ्यायचे आणि मधल्या दिवसांत पूल पुन्हा गाड्यांना मोकळा. अंधेरीचा बर्फीवाला उड्डाणपूल नव्या गोखले पुलाच्या उंचीला मिळेना, तेव्हा २०२४ मध्ये तो पाडला नाही. जॅक लावून एका बाजूने जवळपास १.४ मीटर वर उचलला आणि जोडला. हे बघून अठरा वर्षांची मुलगी गाडीतून उतरत असेल, तर मला ते खूळ वाटत नाही.

एक टोचणारी गोष्ट सांगतो, रागावू नका. २०१८ मध्ये सरकारने ट्रकांची वजनमर्यादा वाढवली. सहा चाकी १६.२ टनांवरून १८.५ वर, दहा चाकी २५ वरून २८.५ वर. हे तुम्हाला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक असेल, आणि वाढीव मर्यादेच्या वरही किती भरलं जातं तेही. पूल मात्र तेच राहिले. गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल १९८५ चा. २०२५ च्या जुलैत त्याचा एक गाळा नदीत गेला, बरोबर गाड्या गेल्या, माणसं गेली. एक टँकर कडेला अडकून लोंबकळत राहिला होता, तो फोटो तुम्ही पाहिला असेलच. तुमचे आठ ड्रायव्हर रोज असे किती पूल ओलांडतात? ते पूल वाढलेलं वजन पेलतील का, हे तपासणारं कोणीतरी लागतं. तुमची मुलगी तेच काम मागतेय आणि तुम्ही तिला एआयकडे ढकलताय.

रात्रीच्या कामाची तुमची काळजी मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. वाहतूक कमी असते म्हणून ही कामं बहुधा रात्रीच होतात. अनेक साइटवर बायकांसाठी धड स्वच्छतागृहही नसतं. सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी असेल आणि पहिली काही वर्षं तो झोंबेल. कधी रिपोर्टमध्ये ‘पूल ठीक आहे’ असं लिहायला सांगणाराही भेटेल. हे सगळं तिला सांगा, स्वच्छ सांगा. सोबत हेही सांगा, की तपासणी, डिझाइन, लोडचं गणित, चाचण्यांचं प्रयोगशाळेतलं काम, यातलं बरंचसं दिवसा आणि टेबलावर होतं. बांधकाम साहित्याच्या चाचण्यांचं काम काय असतं ते बघायचं असेल, तर आपल्या दिंडोरी रोडवरची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आहेच. कॉलेजला लागल्यावर तिथे प्रोजेक्ट मिळतो का, हे तिचं तिने विचारावं. तुम्ही ओळख काढू नका.

आणि हे सगळं ऐकून ती स्वतःच म्हणाली, ‘पप्पा, कॉम्प्युटरच बरं,’ तर माझी काही हरकत नाही. पुलांवर माझं प्रेम आहे म्हणून तिने सिव्हिलला जावं, असंही नाही.

आता फॉर्मचं. अजून कन्फर्म केला नसेल तर आज संध्याकाळी तिला शेजारी बसवून आधी सांगा, की मी हे करून ठेवलंय. ती चिडेल, रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. ते सहन करा. मग पसंतिक्रम तिला भरू द्या. कन्फर्म करून बसला असाल, तर पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा लागली की ती फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की, हे लक्षात ठेवा. ती लागली नाही तर पुढच्या फेरीत पसंती नव्याने भरता येते. तेव्हा फोन तिच्या हातात द्या आणि तुम्ही आडगावला ऑफिसात जा. ओटीपी आला की ती टाकेल.