को-ऑपच्या पहिल्या टर्मला निघालेल्या मुलीसाठी

कॅनडातल्या वॉटर्लूला निघालीस, फार छान वाटलं. तिथल्या विद्यापीठात 1957 पासून को-ऑप आहे: साधारण चार महिने वर्ग, चार महिने पगारी नोकरी, पुन्हा वर्ग. पहिल्याच टर्मला मोठ्या नावामागे धावू नकोस. छोट्या कंपनीत बऱ्याचदा खरं काम लवकर हाती पडतं. मुलाखतीत एवढं जरूर विचार, 'आधीच्या विद्यार्थ्याने इथे नेमकं काय केलं?' उत्तर गुळमुळीत आलं तर काय ते समजून घे.

कंपनीवाले आपल्यावर उपकार करतात, असं मनात अजिबात आणू नकोस. कंपनीला चार महिन्यांत माणूस पारखता येतो; पुढे कायम घेतला तर नव्याने शिकवायला नको. शिवाय तिथलं ऑन्टारिओ प्रांताचं सरकार पात्र कंपनीला विद्यार्थ्याच्या एका प्लेसमेंटमागे, म्हणजे नोकरीच्या एका टर्ममागे, 3,000 डॉलरपर्यंत करसवलत देतं. म्हणून अडलं की बिनधास्त विचार, फक्त आपण काय काय करून पाहिलं तेही सांग.

रोज केलेलं काम दोन ओळींत लिहून ठेव. टर्म संपताना साहेब मूल्यमापन करतात, तेव्हा ते दाखवता येतं. बायोडेटालाही उपयोगी पडतं.

आणि काम टोरांटोत लागलं तर घरमालकाला विचारून वॉटर्लूची खोली सबलेट कर, म्हणजे तेवढ्या काळासाठी दुसऱ्या कुणाला भाड्याने दे. दोन-दोन भाडी भरण्यात पगार संपतो गं.