आधी तुलनेचं गाव शोध

जलयुक्त शिवारचा, म्हणजे गावोगावी पाणी अडवून जिरवण्याच्या राज्य सरकारच्या अभियानाचा, परिणाम मोजायला घेतलायस, तर विहिरींचे आकडे बघून लगेच हुरळून जाऊ नकोस. अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. २०१५ ला मराठवाड्यात दुष्काळ, २०१६ ला चांगला पाऊस. मे २०१६ आणि मे २०१७ ची पातळी शेजारी ठेवलीस तर श्रेय बंधाऱ्यालाच मिळेल, पावसाला नाही!

म्हणून काम न झालेली गावं हवीत. दोन्हीकडे 'आधी' आणि 'नंतर'चा फरक काढ, मग त्या फरकांमधला फरक. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या वर्षातून चार वेळा नोंदी होतात. अभियानाआधीच्या चार-पाच वर्षांत दोन्ही गटांच्या पाणीपातळीच्या रेषा समांतर होत्या का, ते आधी तपास; नसतील तर ही तुलना टिकत नाही. मुळात टंचाईग्रस्त गावंच निवडली होती, त्यामुळे त्या समांतर नसतीलही.

खरी गोची पुढे आहे. वरच्या गावाने नाला अडवला की खालच्या गावाचं पाणी बदलतं. म्हणजे तुझं तुलनेचं गाव त्याच ओढ्यावर असेल तर संपलंच. पाणलोटाचा, म्हणजे कुठलं पाणी कुठल्या ओढ्याला मिळतं त्याचा, नकाशा घेऊन बस, तालुक्याचा नाही. पाऊसही महसूल मंडळनिहाय (तालुक्याहून लहान भागाचा) घे.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल.