खुनी पाहिजे होता, सावकार मिळाला

प्रश्न: ताई नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच, आणि जरा चिडूनच लिहितेय. नारायणराव पेशव्यांच्या खुनावरची एक रहस्य कादंबरी घेतली, नवीनच आलीये, जाडजूड, किंमतही तशीच. सुरुवात एकदम भारी होती, दफ्तरातला एक तरुण कारकून, त्याची म्हातारी आई, शनिवारवाड्यातली कुजबुज, मी भाजी करपवली वाचता वाचता. मग अमावास्येच्या रात्री खून होतो, कारकून काडी ओढून दिवा लावतो नि तळघरात उतरतो, खांबावरचे बोटांचे ठसे जुळवतो, मधेच खजिन्याचा नकाशा, आणि शेवटच्या प्रकरणात भिंतीतून एक पत्र निघतं, त्यावर चक्क '२५ ऑगस्ट १७७३' अशी तारीख. आणि सगळं घडवून आणणारा कोण, तर एक सावकार, ज्याचं नावसुद्धा तोवर आलेलं नाही! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, अगं कादंबरी आहे, इतिहासाचं पुस्तक नाही, एवढं काय मनाला लावून घेतेस. मी जास्तच अपेक्षा ठेवली का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: अजिबात नाही. तुमच्या ह्यांचं म्हणणं तसं अर्धं बरोबर आहे, कारकून काल्पनिक असला तर माझी काही तक्रार नाही, त्याची आई तर मलाही आवडली असती. पण ही कादंबरी इतिहासात चुकली म्हणून रहस्यातही फसली, दोन्ही गोष्टी वेगळ्या नाहीत, ते जरा सविस्तर सांगते.

पहिलं म्हणजे ती अमावास्या. खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला, तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे पौर्णिमा दोन दिवसांवर, वाड्यात गणपती बसलेले, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. आणि रात्र नव्हतीच मुळी, भर दुपार होती. विचार करा, सणाचे दिवस, माणसांनी भरलेला वाडा, आणि थकलेल्या पगाराचा गलका करत गारदी, म्हणजे पगारी शिपाई, दिवसाढवळ्या आत घुसतात आणि अठरा वर्षांच्या पेशव्याला काकाच्या, राघोबादादांच्या, समोर कापतात. त्यांना आत कोणी येऊ दिलं, पहारे कुठे होते, कोण नेमकं त्याच वेळी जेवून झोपलं होतं? अख्खी कादंबरी इथेच पडलीये हो! लेखकाने ती उचलायची सोडून काळोख केला, कारण काळोखात काहीही खपतं.

दुसरं, त्या खुनात 'मारलं कोणी' हे कधी कोडं नव्हतंच. सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसं, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. कोडं आहे ते शब्द कोणाचा होता याचं. राघोबादादांनी फक्त धरायला सांगितलं होतं का, 'ध चा मा', म्हणजे हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे', खरंच कोणी केलं का, त्यांच्या बायकोवर, आनंदीबाईंवर, तो आळ नंतर बसला का, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, दोष राघोबादादांवर ठेवला आणि पुणं सोडून गेले. आता अशा प्रकरणात शेवटी एक उपरा सावकार आणून बसवला की वाचकाची फसवणूक होतेच, वर ज्यांच्यावर संशय घ्यायचा ती सगळी घरातली माणसं फुकटात सुटतात. मला विचाराल तर सगळ्यात मोठा राग याचाच यायला हवा.

काडीचं आणि ठशांचं पटकन सांगते. घासून पेटणारी काडी १८२० च्या दशकात इंग्लंडमध्ये निघाली, १७७३ च्या पुण्यात चकमक होती. आणि बोटांच्या ठशांची भानगड आपल्याकडे १८५८ मध्ये बंगालमधल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने करारनाम्यांवर पंजे उमटवून घेतले तिथून सुरू होते, कलकत्त्याचं ठसे कार्यालय तर १८९७ चं. बरं गंमत म्हणजे ठशांची गरजच नव्हती. तेव्हा माग काढणारे होते ना, चोरी झाली की गावची राखण करणारे रामोशी, जागले पावलांचा माग काढत गावाच्या शिवेपर्यंत जायचे, माग पुढच्या गावात शिरला की ती जबाबदारी त्या गावावर, त्यांना तो पुढे काढून दाखवता आला नाही तर भरपाई त्यांनी द्यायची. हा आयता डिटेक्टिव्ह सोडून आपला कारकून पगडी घातलेला सीआयडीवाला कशाला झाला देव जाणे.

आणि ती पत्रावरची तारीख, तिच्याबद्दल तर मला लेखकाची कीवच आली. पेशवाईतल्या कागदांवर साल बहुतेक शुहूर सनाचं, तेही अरबी आकड्यांच्या नावांनी, आणि दिवस मुसलमानी चांद्र महिन्याचा, 'छ अमुक जमादिलाखर' असा, 'छ' म्हणजे चंद्र. हे साल बदलतं मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला. १७७३ च्या मृगाआधी 'सलास सबैन मया व अलफ', म्हणजे ११७३, मृगानंतर 'अर्बा सबैन', म्हणजे चौऱ्याहत्तर. आता बघा, कोणी खुनानंतर जुन्या तारखेचं खोटं पत्र रचायला बसला, घाईत मे महिन्याच्या पत्रावर 'अर्बा' लिहून गेला, आणि दफ्तरात दिवसभर हेच लिहिणाऱ्या कारकुनाच्या ते डोळ्यात खुपलं... झालं की काम! पुरावा पहिल्याच प्रकरणात वाचकाच्या समोर ठेवता आला असता आणि तरी शेवटपर्यंत कळलं नसतं. मोडीत ओळ आधी आखून तिच्याखाली सलग लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, मजकूर कारकुनाच्या हातचा आणि धन्याच्या हातच्या दोन ओळी वेगळ्या, असे कितीतरी दुवे त्या एका कागदात मिळाले असते. त्याऐवजी २५ ऑगस्ट!

खजिन्याच्या नकाशावर मी काही बोलत नाही, पानं भरायची असतात बिचाऱ्यांना.

तुम्हाला त्याच काळातलं खरोखरीचं गूढ हवं असेल तर तोतयाचं प्रकरण शोधून वाचा. मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले, पण त्यांच्या बायकोने, पार्वतीबाईंनी, वैधव्य मानलंच नाही, आणि पुढे एक माणूस उभा राहिला की मीच भाऊ. धरला, रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवला, तर तिथल्या अंमलदारानेच त्याला सोडला आणि कोकणात फौज जमली की! शेवटी कोकणातले आरमारी सरदार आंग्रे, त्यांनी पकडून दिला आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला मारलं. फोटो नाही, ठसे नाहीत, पंधरा वर्षं मध्ये गेलेली, माणूस तोच की दुसरा हे ठरवायचं कसं, आणि किती जणांना तो तोच असायला हवा होता! यावर मन लावून कोणी रहस्यकथा लिहिली तर पहिली प्रत मी घेईन.

प्रश्न: मला ऐतिहासिक रहस्यकथा खूप आवडतात पण इतिहास कच्चा आहे, त्यामुळे चुका कळतच नाहीत. पुस्तक घेण्याआधी काही अंदाज येतो का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: दुकानातच पान उलटून पुस्तकातलं एखादं पत्र शोधा. पेशवाईतला माणूस दुसऱ्या मराठी माणसाला इंग्रजी तारखेचं पत्र लिहीत असेल तर पुस्तक परत ठेवून द्या. मग एखादं चौकशीचं पान वाचा, साक्ष देणारा बेलभंडार, म्हणजे देवाचं बेलाचं पान आणि हळद, उचलून शपथ घेतो की नुसताच 'खरं सांगेन' म्हणतो ते बघा. पण उगाच प्रत्येक ओळीवर संशय नको हं, मागे एकांनी मला कळवलं होतं की पेशव्यांच्या ताटात मिरची दाखवलीये म्हणजे लेखक अडाणी. मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच आणली होती, तेव्हा ठेचा खुशाल वाढू द्या, चहा आला तर मात्र मला कळवा.